काटेकोर आत्या

काटेकोर हा शब्द कुणी काढला देव जाणे, पण काढताना त्याच्यासमोर आत्याच बसलेली असणार. घड्याळाच्या कारखान्यात काटे बसवण्यात तिची उभी हयात गेली, आणि घरी आल्यावरही तिचं तेच चालायचं. दाराशी चपला एका ओळीत हव्यात. पडदा एका बाजूने बोटभर खाली आला, तर तिचा घास घशाखाली उतरायचा नाही. भाची शाळेत जायची तेव्हा आत्या तिचा भांग असा पाडायची, की वर्गातल्या मुली विचारायच्या, "पट्टी लावून पाडलाय का गं?"

लग्न का नाही केलंत, असं कुणी विचारलं की आत्या म्हणायची, "अहो, एक स्थळ आलं होतं. पण नवरामुलगा उशिरा आला, आणि वर म्हणतो, एवढ्यातेवढ्याने काय होतं! म्हटलं, जा बाबा, जसा आलास तसा." ऐकणारे खो खो हसायचे. खरं कारण तिने कधी कुणाला सांगितलं नाही. भाऊ-भावजय अपघातात गेले तेव्हा भाची जेमतेम चालायला लागली होती, आणि येणारं प्रत्येक स्थळ विचारायचं, या मुलीची दुसरीकडे कुठे सोय होईल का? आत्याने मुलगी ठेवली आणि स्थळं परत पाठवली.

तिच्या कारखान्यातल्या घड्याळाचं नाव 'सोबत'. स्वस्त आणि टिकाऊ. परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या हातावर, रखवालदारांच्या हातावर, दवाखान्यातल्या नर्सच्या हातावर, जिकडे बघावं तिकडे सोबत. लोक चेष्टाही करायचे. कुणाच्या हातावर ते दिसलं की म्हणायचे, "काय राव, बढती अजून झालेली दिसत नाही!"

लहानपणी भाची एकदा आत्याचं काम बघायला कारखान्यात गेली होती. लांबलचक टेबल, वर पांढरा दिवा, आणि टेबलाशी ओळीने बसलेल्या बायका. डोळ्याला भिंग, बोटांना रबरी टोप्या, हातात बांगडी नाही की घड्याळ नाही. आधी तासकाटा, मग मिनिटकाटा, आणि सगळ्यात शेवटी केसासारखा सेकंदकाटा. "चांगलं घड्याळ ओळखायचं कसं, माहितीये?" आत्याने तिला विचारलं होतं. "किंमत नाही बघायची. सेकंदकाटा बघायचा. रेघेवर पडला तर घड्याळ. दोन रेघांच्या मधे पडला तर खेळणं." आतल्या चाकांच्या दातांत थोडी मोकळीक असते, त्यामुळे बारावर नीट पडणारा काटा सहावर हुकतो. आत्या तो चहूबाजूंनी बघायची आणि हुकला की काढून पुन्हा बसवायची. चिमट्याच्या टोकावर काटा असताना श्वाससुद्धा घ्यायची नाही.

"दाबून का नाही बसवत एकदाच?" भाचीने कंटाळून विचारलं.

"काटा दाबायचा नसतो गं चिमे. ठेवायचा, आणि त्याला बसू द्यायचं. दाबला की मोडतो."

आता इतक्या स्वस्त घड्याळासाठी एवढी मरमर कशाला, असं शहाणी माणसं विचारायचीच. आत्याचं उत्तर ठरलेलं होतं. "ज्याच्याकडे एकच घड्याळ असतं, त्याचं बरोबर नको?"

पुढे चिमी मोठी झाली, शिकली, बोलण्यात चटपटीत निघाली आणि मोठ्या रस्त्यावरच्या बड्या घड्याळांच्या दुकानात लागली. जाड गालिचा, मंद दिवे, काचेत जपून ठेवलेली घड्याळं. त्यातल्या एखाद्याच्या किमतीत आत्याचं आख्खं घर आलं असतं. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाची नजर तिच्या मनगटावर गेली आणि तो हसून म्हणाला, "अरेच्चा! तुम्ही सोबत वापरता, आणि आम्हाला हे विकता होय?" चारचौघांत चिमीचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवसापासून ती दुकानाजवळच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची, मनगटावरचं घड्याळ काढायची, पर्समध्ये टाकायची आणि मग दुकानात शिरायची. संध्याकाळी घराखाली आली की परत बांधायची आणि मग जिना चढायची. असं तिने किती वर्षं केलं ते विचारू नका. आत्या घड्याळाच्या कंपनीत असते, एवढंच ती दुकानात सांगायची. कुठल्या, ते कुणी विचारायच्या आत विषय बदलायची.

आणि मग कारखान्याने ते नवं घड्याळ काढलं. पोलादी अंग, ओरखडा न पडणारी काच, साधी पांढरी तबकडी. आत्याच्या टेबलाने जीव ओतला होता त्यात. किंमत नेहमीच्या सोबतच्या चौपट, तरी बड्या घड्याळांच्या पासंगालाही पुरणार नाही अशी. इथेच घोडं अडलं. छोटे दुकानदार म्हणाले, सोबत, आणि एवढ्याला? मोठे दुकानदार म्हणाले, सोबत, आणि आमच्याकडे? शेवटी कारखान्याच्या साहेबांनी बायकांना बोलावून सांगितलं, की हे घड्याळ एखाद्या नावाजलेल्या दुकानात उभं राहिलं नाही, तर आपण आपलं जुनंच स्वस्तातलं काढू, काटे यंत्राने बसवू आणि हे टेबल बंद करू.

त्या संध्याकाळी आत्या म्हणाली, "चिमे, तुझ्या मालकांना एकदा दाखवून देशील?" जन्मात पहिल्यांदा तिने भाचीकडे काही मागितलं होतं. नाही म्हणायला चिमीची जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी तिने मालकांना विचारलं, आणि ही माणसं कोण, असं त्यांनी विचारल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या ओळखीतले लोक आहेत."

ठरल्या वेळी साहेब आणि आत्या आले. आत्या इस्त्रीच्या कपड्यांत, केस चापूनचोपून बसवलेले. मालकांनी आदराने बसायला सांगितलं आणि सहज विचारलं, "आमच्या दुकानातल्या या मुलीशी तुमची ओळख कशी?"

चिमीने मान खाली घातली. आत्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग हसून म्हणाली, "अहो, जुनी ओळख आहे आमची." आणि चिमीकडे वळून, "ताई, जरा पाणी देता का?"

ताई! देता का! जिने हिचा शेंबूड पुसला, जिने भांग पाडला, ती हिला अहो-जाहो करत होती. कानाखाली एक ठेवून दिली असती तरी परवडलं असतं. चिमी पाणी आणायला आत गेली आणि पेला भरून वाहिला तरी तिला कळलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा साहेब मखमली डबीतून पुसूनपासून आणलेलं घड्याळ पुढे करत होते, आणि आत्याने ते बाजूला सारलं. "हे नको. निवडून आणलेलं काय, कुणाचंही चांगलंच निघतं. त्या खोक्यातलं कुठलंही उघडा." साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. मालकांनी खोक्याच्या अगदी तळातली एक डबी काढली, डोळ्याला भिंग लावलं आणि सेकंदकाट्याची पुरी फेरी बघितली. मग दुसरी डबी. मग मधली एक.

मालक उठले, कुलूप काढून आपल्याकडचं सगळ्यात भारी घड्याळ आणलं आणि आत्याच्या हातात दिलं. त्याची पाठ काचेची होती. आत्याने भिंग लावलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. "काय काम आहे हो हे!" ती म्हणाली, आणि तिचा आवाजच बदलला. "जिथे कुणी बघणार नाही, तिथेही घासून लख्ख केलंय. ज्याने केलं त्याला हात जोडावेत. हे आमच्याच्याने व्हायचं नाही, एवढा वेळ आम्हाला कोण देणार? पण काट्याचं म्हणाल, तर आमचा काटा याच्याशेजारी मान खाली घालून बसणार नाही."

"नाहीच बसणार," मालक म्हणाले. "मी ठेवतो तुमचं घड्याळ. फक्त तबकडीवरचं नाव काढा. माझ्या दुकानाचं नाव छापू. हातोहात जाईल."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "नावाचं काय, छापलेलंच असतं," ते घाईघाईने म्हणाले.

आत्याने हातातलं भारी घड्याळ अलगद मखमलीवर ठेवलं. "टेबलावरच्या बायकांचं पोट मलाही कळतं, साहेब. पण पोराला चांगल्या शाळेत घालायचं म्हणून बापाचं नाव पुसायचं का?"

"रागावू नका, बाई," मालक समजुतीने म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "माझं गिऱ्हाईक वेळ बघायला घड्याळ घेत नाही. वेळ त्याच्या फोनवरही असते. तो नाव घेतो. सोबत हे नाव वाचलं की तो इथून उठून जाईल. नाही तर हिलाच विचारा, ही रोज गिऱ्हाइकांशी बोलते." ते चिमीकडे वळले. "सांग गं. हे नाव ठेवून तू हे विकशील?"

चिमीने पाण्याचा पेला खाली ठेवला. आत्या तिच्याकडे बघतच नव्हती, ती आपली टेबलावरच्या डब्या एका ओळीत लावत होती. ते पाहून चिमीला भडभडून आलं. ती आत गेली, पर्स घेऊन आली, आणि पर्समधून आपलं जुनं सोबत काढून तिने त्या भारी घड्याळाच्या शेजारी मखमलीवर ठेवलं. पट्टा झिजलेला, काचेवर ओरखडे. सेकंदकाटा टुकटुक करत एकेका रेघेवर पडत होता.

"ही माझी आत्या आहे," ती म्हणाली. "ओळखीतली नाही, आत्या. हिनेच वाढवलंय मला. आणि हे घड्याळ मी रोज तुमच्या दाराबाहेर काढून आत येते, कारण मला या नावाची लाज वाटायची. नाव आधी मीच पुसलं, तुम्ही कशाला पुसताय?" डोळे वाहायला लागले तसे तिने ते बाहीने पुसले. "विकेन मी. याच नावाने विकेन. पण पर्समधून नाही विकता येणार, हातावर बांधून विकेन. चालेल?"

मालकांनी तिचं घड्याळ उचललं आणि भिंग न लावताच काही वेळ बघत राहिले. "किती वर्षं चाललंय हे?"

"शाळेपासून."

त्यांनी ते स्वतः तिच्या हातात दिलं. "दाराजवळची काच रिकामी आहे. तिथे लावू. नावासकट. नाही खपलं, तर मात्र तुझ्या आत्यांनी मला बोल लावायचा नाही."

"दाराजवळ बरंच की," आत्या म्हणाली. "उजेड असतो."

बाहेर आल्यावर साहेब खोकं घेऊन पुढे गेले, आणि आत्या-भाची गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आल्या. रोज चिमी थांबायची ती हीच जागा. ती थांबली. "आत्या, तुला माहीत होतं का गं?"

"अगं, मनगटावर पट्ट्याची पांढरी खूण घेऊन हिंडतेस, पर्समधून घड्याळ काढून बांधतेस, आणि मलाच विचारतेस होय? आपल्या जिन्याच्या खिडकीतून रोज संध्याकाळी दिसायचीस."

"मग बोलली का नाहीस कधी?"

आत्याने तिच्या हातातलं घड्याळ घेतलं, तिच्या मनगटावरच्या त्या पांढऱ्या पट्ट्यावर बरोबर बसवलं आणि बक्कल लावलं. "दाबला की मोडतो, चिमे."

चिमी रस्त्यातच तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. आत्याने तिला रडू दिलं, मग तिचा विस्कटलेला भांग बोटाने सरळ केला. "पुरे आता. साहेब खोळंबलेत तिकडे. किती वाजले बघ गं."