डावा डोळा, चार नंबर

शेवंतीची सुरमईची पाटी भरबाजारात कुणी घासाघीस न करता संपली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की आपलं काहीतरी बिनसलंय.

मालवणच्या मासळीबाजारात भाव न पाडता मासे घेणारा माणूस म्हणजे एक तर परगावचा, नाहीतर तापाने फणफणलेला. त्या सकाळी मात्र चांगली ओळखीची माणसं येत होती, सुरमईवर बोट ठेवत होती, पैसे टाकत होती आणि मान वळवून चालू लागत होती. शेवंतीच्या तोंडाकडे कुणी बघायला तयार नव्हतं. आणि मी तर तिच्या तोंडाकडे कोण कसं बघतं, एवढंच बघायला तिथे उभी होते. तिच्या पापण्यांवर माझी नोकरी होती.

ही साठच्या दशकातली गोष्ट. मुंबईत प्रसाधनं बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिथे मी पॅकिंगमध्ये लागले. पॅकिंग म्हणजे दिवसभर बरण्यांना झाकणं लावायची. मग नाडकर्णीसाहेबांनी मला डेमॉन्स्ट्रेटर केलं. दुकानात काउंटरमागे पांढरा कोट घालून उभं राहायचं आणि गिऱ्हाइकाला माल लावून दाखवायचा, हे डेमॉन्स्ट्रेटरचं काम. नेमणूक टेम्पररी होती. पण त्या कोटाचं मला असं वेड लागलं होतं की इस्त्री मोडू नये म्हणून मी जेवताना तो काढून ठेवायची आणि जेवता जेवता त्याच्याकडे बघत बसायची.

नाडकर्णीसाहेब आमचे केमिस्टही होते आणि बॉसही. त्यांच्या डोक्यात आयशॅडो शिरली होती. आयशॅडो म्हणजे पापणीवर लावायचा रंग. तोवर मिळायच्या त्या निळ्या आणि हिरव्या, परदेशातून आलेल्या. त्या लावून शाळेत शिकवायला गेलं तर मुलं पुस्तक मिटून बाईंकडेच बघत बसली असती.

“आपल्याला न्यूट्रल शेड पाहिजे, मिस परब,” साहेब म्हणाले. “बाई रोज लावून कामाला गेली पाहिजे. डोळे उठून दिसले पाहिजेत, पण काही लावलंय हे कुणाला कळता कामा नये.”

त्यांनी पाच नमुने बनवले होते. मेणात आणि तेलात घोटलेला रंग, इवल्याशा काचेच्या बरण्यांत. नावं नव्हती, नुसते नंबर. चार नंबर गुलाबट तपकिरी होता आणि त्याच्यावर साहेबांचा जीव होता. बरणी हातात घेतली की त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

“मे महिन्यात गावाला जाताय ना? हे घेऊन जा. ऊन, घाम, खारा वारा. मालवणात टिकलं तर कुठेही टिकेल. येताना मला एकच नंबर सांगा.”

“आणि नाही सापडला तर?”

“तर पॅकिंगमध्ये बायका कमीच आहेत.”

बोटीत मी ती बरण्यांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

ह्या धंद्यात रंग पारखायची एक साधी रीत आहे. एकाच चेहऱ्यावर दोन रंग लावायचे, एका डोळ्याला एक, दुसऱ्याला दुसरा. कातडी तीच, ऊन तेच, घाम तोच, त्यामुळे फरक पडला तर तो रंगाचाच. आणि बघणाऱ्याला आधी काही सांगायचं नाही. सांगितलं की माणूस शोधायला लागतो, आणि शोधायला लागलं की सगळंच दिसतं.

पहिला मान आईचा. एका डोळ्याला एक नंबर, तो राखाडी, दुसऱ्याला दोन नंबर, तो सोनेरीकडे झुकणारा. शेजारची काकू विहिरीवर भेटली. तिने आईला आधी एका बाजूने पाहिलं, “रात्री झोपाक नाय काय गो?” मग दुसऱ्या बाजूला आली आणि म्हणाली, “आणि ह्या काय? धयकाल्यात काम करतंस काय?” धयकालो म्हणजे आमचं दशावताराचं नाटक. आईने पदराने दोन्ही डोळे खसाखसा पुसले. “तुझी नोकरी तुझ्याच थोबाडार कर,” म्हणाली. एक आणि दोन बाद झाले.

तीन नंबर मी स्वतःच लावून पाहिला. तो चॉकलेटी. दुपारच्या उन्हात मेण पातळ झालं आणि सगळा रंग पापणीच्या घडीत जाऊन बसला. आमच्यात ह्याला क्रीज होणं म्हणतात. डोळा मिटला की कुणीतरी पेन्सिलीने रेघ मारल्यासारखं दिसायचं. तोही गेला.

उरले चार आणि पाच. पाच नंबर भाजलेल्या काजूगराच्या सालीसारखा होता, पण त्याहून फिका. बरणीत बघितला तर अगदीच मुखदुर्बळ वाटायचा. माझी सगळी आशा चारवर होती, आणि चारच निघाला की साहेबही खूश होणार होते. ह्या शेवटच्या परीक्षेला चेहरा असा हवा होता की जो दिवसभर उन्हात असेल आणि ज्याच्याकडे गावातला प्रत्येक माणूस बघेल. असा चेहरा शेवंतीचा. ती आमच्या शेजारची, माझ्याच वयाची, बाजारात मासे विकायची. तिच्याशी भाव करणं हा गावातला करमणुकीचा भाग होता.

“कोणाक सांगाचा नाय,” मी बजावलं. “डाव्याक चार, उजव्याक पाच.”

“मिया कशाक सांगान? माका सुरमई इकूची आसा, डोळे नाय.”

आणि मग ती पाटी रिकामी झाली.

मी शेवंतीच्या समोर जाऊन उन्हात नीट पाहिलं. मुंबईत ट्यूबलाइटखाली जो गुलाबट वाटायचा, तो चार नंबर मालवणच्या उन्हात चक्क लाल दिसत होता. पापणी सुजून लाल झाल्यासारखी. शेवंतीचा डावा डोळा आला होता.

डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं की आपलेही येतात, ही आमच्याकडे पक्की समजूत. म्हणून माणसं मान वळवून पळत होती. भाव करायचा तर तोंडाकडे बघावं लागतं. बघायचं नाही म्हणून शेवंती सांगेल तो भाव.

मला रडू येत होतं आणि शेवंतीला हसू आवरत नव्हतं. “गो प्रभे, ह्या औषध बरा आसा. बरणी माझ्याकडेच ऱ्हव दी.” एक दिवस लावल्याने काही सिद्ध होत नाही, अजून एकदा पाहू, अशी मनाची समजूत घालून मी दोन्ही बरण्या तिच्याकडे ठेवल्या.

दुसऱ्या सकाळी बाजारात गेले आणि जागीच थांबले. कोळणींची अख्खी रांग बसली होती आणि एकजात सगळ्यांचे डोळे आले होते. कालचा शेवंतीचा धंदा बघून बाकीच्या तिच्या घरी गेल्या होत्या. एकीने तर विचारलं होतं म्हणे, “तुझे डोळे खंयसून इले गो? माका पण होये.” शेवंतीचं मन मोठं. तिने सगळ्यांना लावलं, आणि मी सांगितलं होतं तस्संच लावलं. डाव्याला चार, उजव्याला पाच.

पण साथ म्हटल्यावर गिऱ्हाईक मान वळवत नाही, ते घरीच बसतं. बाजार ओस पडला होता. रांगेपुढे एकटे गावातले डॉक्टर उभे होते, हातात माशांची पिशवी आणि कपाळाला आठ्या.

“सगळ्यांचो डावोच डोळो?” ते स्वतःशीच बोलत होते. “अशी साथ मी जल्मात बघूक नाय. आजपासून बाजार बंद ठेवूचो लागतलो.”

शेवंतीने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम उतरला होता. तिच्या पाटीत मासे होते, आणि उन्हं वर चढत होती. आता बोलणं भाग होतं. मी पुढे झाले. पण तोंड उघडता उघडता डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. डावाच डोळा.

“डॉक्टरांनू,” मी म्हटलं, “हिचो उजवो डोळो कसो आसा?”

“उजवो साफ आसा.”

“नीट बघा. पापणी बघा.”

त्यांनी चष्मा वर करून शेवंतीच्या उजव्या डोळ्यात अगदी नाक घालून पाहिलं. मग शेजारणीच्या. मग तिच्या पुढच्या. “एकदम निरोगी. काय एक नाय.”

“आता बोट फिरवून बघा.”

त्यांनी शेवंतीच्या उजव्या पापणीवर अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे बघत राहिले. अंगठा काजूच्या सालीच्या रंगाचा झाला होता. मग डावीवर दुसरा अंगठा फिरवला. तो लाल. त्यांनी तो नाकाशी नेला.

“ह्या साथीक गुलाबाचो वास कसो गो येता?”

मी सगळं सांगून टाकलं. कंपनी, नंबर, क्रीज, पॅकिंग, सगळं. कोळणी हसून हसून पाट्यांवर आडव्या व्हायच्या बाकी होत्या. डॉक्टर हसले नाहीत. दोन्ही अंगठे अंगापासून लांब धरून म्हणाले, “घराक गेल्यार हो वास कोणाचो म्हणान बायलेन इचारल्यान तर तू येतलंस सांगूक?” आणि मग त्यांनाच असं हसू फुटलं की पिशवी हातातून पडली. बायकांनी तिथेच पाण्याने डोळे धुतले, डॉक्टरांनी स्वतः ओरडून साथ गेल्याचं जाहीर केलं, आणि दुपारपर्यंत भावाची भांडणं पुन्हा पूर्ववत सुरू झाली. मी घरी नाचत गेले. आई म्हणाली, पोरीला ऊन लागलं.

मुंबईत साहेबांना सांगितलं, “पाच.”

“चारचं काय झालं?”

“चारने डोळे येतात, साहेब.”

ते उभेच राहिले. “इन्फेक्शन?”

“नाही. नुसते आल्यासारखे दिसतात. पण पाच लावलाय हे डॉक्टरला अगदी जवळून बघूनही कळलं नाही.”

त्यांनी चारची बरणी ड्रॉवरमध्ये ठेवली, जरा हळूच. “ठीक. पाच काढू. तुम्हीच काउंटरवर उभ्या राहा. खपला तर तुम्ही पर्मनंट.”

मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

पहिल्या दिवशी साहेब स्वतः दुकानात येऊन माझ्या मागे उभे राहिले. पहिलं गिऱ्हाईक एका शाळेतल्या बाई, हातात छत्री, नजर करडी. मी दोन्ही पापण्यांवर पाच नंबर लावला, बोटाने कडा पुसट केल्या, जीव ओतून लावला. आरसा दिला.

“लावलंत?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मला तर काहीच दिसत नाही. मग पैसे कशाचे देऊ?”

मागे साहेब खाकरले. रंग अगदी साहेबांनी मागितला तसा झाला होता, आणि नेमकी तीच पंचाईत झाली होती. माझ्या डोळ्यांपुढे बरण्यांची झाकणं नाचू लागली. कोट काढून द्यावा लागणार म्हणून बटणाकडे हात गेला तो वाटेत कापसाच्या बोळ्यावर थांबला. का ते मला आजही सांगता येणार नाही. मी बोळा उचलला आणि त्यांचा डावा डोळा स्वच्छ पुसला. उजवा तसाच ठेवला. पुन्हा आरसा दिला.

बाईंनी एक डोळा मिटला. मग दुसरा. मान इकडे केली, तिकडे केली.

“हा डावा असा दमलेला का दिसतोय?”

“तो तुमचा रोजचा आहे, बाई.”

त्यांनी आरसा खाली ठेवला, छत्री काउंटरवर आडवी टाकली आणि मला वर्गातल्या मुलीला दटावावं तसं म्हणाल्या, “मग पुसलंत कशाला? लावा आधी.”

पुढे निवृत्त होईपर्यंत मी पांढरा कोट घातला आणि हाताखाली कितीतरी मुली तयार केल्या. प्रत्येकीला पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं: न्यूट्रल शेड लावून खपत नाही, पुसून खपते.