आमचा अध्यक्ष

अध्यक्ष कुणाला एकट्याने डबा खाऊ द्यायचा नाही. कॉलेजच्या मागच्या पायरीवर कुणी गुडघ्यांवर डबा घेऊन बसलेलं दिसलं, की हा आपला डबा उघडतच शेजारी जाऊन बसणार. पहिल्या वर्षी मी अशीच बसले होते. "काय गो, एकटीच? सरक जरा," म्हणाला आणि माझ्या भाजीत बोटं घातली. मी रागावले. पण दुसऱ्या दिवशी मी त्याची वाट पाहिली, हेही खरं.

तो रोह्याकडचा, नदीकाठच्या एका आदिवासी वाडीवरचा. आईवडील दोघंही मजुरीला जायचे. वाडीतून पेणला येऊन बी.एस्सी. करणारा तो पहिलाच. आमच्या रसायन मंडळाचे कागदावरचे अध्यक्ष विभागप्रमुख सर होते, पण अध्यक्ष म्हणायचे सगळे यालाच. हा येण्याआधी मंडळ म्हणजे भिंतीवरचा एक फलक होता. तास संपला की जो तो एस.टी. स्टँडकडे धावायचा. तीन वर्षं एका बाकावर बसून एकमेकांची गावं माहीत नसायची. यानं बुधवारी प्रॅक्टिकलनंतर बैठक सुरू केली. प्रत्येक वेळी आमच्यातल्याच एकानं बोलायचं. विषय कुठला, असं सरांनी विचारलं तर म्हणाला, "विषय कायपण चालंल सर. मान्सा जमली पायजेत."

जोहे गावच्या सुवर्णाची बोलायची पाळी आली तेव्हाची गोष्ट. तिच्या घरी गणपतीचा कारखाना. तिनं पाण्याच्या दोन ग्लासांत शाडूचा आणि प्लास्टरचा तुकडा टाकला, आणि तिचा आवाजच फुटेना. पोरं हसायला लागली. अध्यक्ष शेवटच्या बाकावरून उठला, पुढे येऊन तिच्यासमोर बसला. "सगल्यांना नको सांगू. मला एकट्याला सांग, हा का नाय विरघळत?" तिनं त्याला सांगायला सुरुवात केली. थोड्या वेळानं मागची पोरं ऐकू येत नाही म्हणून पुढच्या बाकांवर येऊन बसली.

थंडीत त्यानं पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, भांबुर्ड्याचा पाला, सगळं मडक्यात घालून जाळात भाजायचं. मडकं त्यानं स्वतः भरलं. मडकं उतरलं, वास सुटला, आणि आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "माझा डबा आहे घरचा." का म्हणाला ते सगळ्यांना कळलं. वाडीवरच्या हातचं त्याला चालणार नव्हतं. अध्यक्ष म्हणाला, "बरा झाला. आन तुजा डबा, आमाला चालतो." आम्ही मिनिटात त्याच्या चपात्या संपवल्या. तो बिचारा उपाशी बसला, मग हळूच मडक्यातलं एक अंडं त्यानं उचललं. अध्यक्षानं मान वळवून दुसरीकडे पाहिलं, त्याला लाज वाटू नये म्हणून.

पदवीनंतर त्याला मुंबईत एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. त्याच उन्हाळ्यात वडील अंथरुणाला खिळले. तो रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे लागला. "एक वरीस. मंग जातो," म्हणाला. पुढच्या वर्षीही तेच म्हणाला. मग मी विचारणं सोडून दिलं.

मी तोवर आमच्याच कॉलेजात प्रयोगशाळेत लागले होते. बैठक चालू राहावी म्हणून तो शिफ्ट संपवून, न झोपता, रोह्याहून यायचा. पण पोरं विरळ होत गेली. कुणी डोळवीच्या पोलाद कारखान्यात ट्रेनी लागलं, कुणी क्लासला, उरलेली मोबाइलवर. शेवटच्या बुधवारी तो आपल्या वाडीजवळच्या नदीच्या पाण्यावर बोलणार होता. बाटल्यांत नमुने आणले होते. फळ्यावर विषय लिहिला. मी आणि तो, दोघंच. तो वाट पाहत राहिला. मग त्यानंच फळा पुसला. म्हणाला, "चूक पोरांची नाय. त्यांना हाका मारायला मी हितं रोज पायजे व्हतो."

त्यानंतर तो आला नाही. त्या पावसाळ्यात कंपनीतली सांडपाण्याची टाकी साफ करायला एक कामगार उतरला आणि आतच पडला. वर उभ्या असलेल्यांत अध्यक्ष होता. टाकीत कुठला वायू असतो, माणसाचं काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलं होतं त्यानं. तरी तो उतरला. दोघंही वर आले नाहीत.

आमच्या जुन्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. बारावं झाल्यावर रविवारी सगळ्यांनी वाडीवर जायचं ठरलं. "येतो", "नक्की", "मी पण". त्याच्या धाकट्या भावाला मी फोन करून कळवलं.

पोचलो आम्ही तिघं. मी, सुवर्णा आणि सर. त्याची आई ओट्यावर उभी होती. आमच्या मागच्या रस्त्याकडे पाहत म्हणाली, "बाकीची मागनं येतात काय गो?"

"येतील," सर म्हणाले.

"तो सांगायचा, आये, कालेजात माजी लय मान्सा हायेत."

आत भिंतीकडेला चटईवर कप मांडून ठेवले होते. एकासारखा एक नव्हता. पांढरे, फुलांचे, स्टीलचे, कान तुटलेले. सगळ्या वाडीतून मागून आणले होते. चुलीवर मोठ्या टोपात चहा उकळत होता. आम्ही आमचे तीन कप प्यायलो. सुवर्णानं आणखी एक मागून घेतला, तिला तो जाईना तरी. टोप तसाच भरलेला राहिला.

ऊन उतरलं तशी त्याची आई उठली. आमचे तीन सोडले तर एकही कप वापरलेला नव्हता, तरी सगळे धुतले, पदरानं पुसले. "ज्याचं त्याला देऊन येते," म्हणाली, आणि कपांची परात कमरेवर घेऊन एकेका दारात थांबत वाडीतून निघाली.