पोटाला नळी, गळ्याला नाय

आत्याचं अर्धं स्वादुपिंड डॉक्टरांनी काढून टाकलं होतं, आणि पोटातली नळी निघायच्या आधी ती माझ्या हळदीला गायली.

आज सकाळी ती गेली. ओवे गावात, स्वतःच्या घरी.

माझ्या लग्नाला आलेल्यांनी तिला पाहिलंय. खुर्चीत बसलेली, हिरव्या लुगड्यातली. बाबांची मोठी बहीण. गावची धवलारीन. आमच्या आगरी लग्नात देवाला बोलावण्यापासून हळद लागेपर्यंत जी गाणी लागतात, ती गाणारी.

माझं लग्न ठरलं आणि तिचे डोळे पिवळे झाले. सगळे म्हणाले, कावीळ.
स्कॅनमध्ये स्वादुपिंडात गाठ निघाली. कॅन्सर.

ऑपरेशन जवळजवळ दिवसभर चाललं. सर्जन बाहेर आले. "गाठ पूर्ण निघाली."
आई आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडलो.

मग ताप चढला.

उरलेलं स्वादुपिंड आतड्याला जोडलं होतं, तो जोड गळत होता. आतलं पाणी बाहेर यावं म्हणून पोटाच्या बाजूला नळी, नळीला पिशवी. आत्या पुन्हा ICU मध्ये.

"परत कापणार?" बाबांनी सर्जनना विचारलं.
"सध्या नाही. बरेचसे leak आपोआप सुकतात. आपण वाट बघू."

ते वाट बघणं फार वाईट होतं.

ताप उतरला. ती घरी आली, पण नळीसकट. मी म्हटलं, लग्न पुढे ढकलू.

"माज्यासाठी हळद थांबवाची नाय. आनि दुसरी धवलारीन आनलीस तं बग."
"आत्या, पोटाला नळी हाय तुझ्या!"
"पोटाला हाय. गल्याला नाय."

डॉक्टर हसले. बसून गाऊ दे म्हणाले, दमली की थांबवा.

आईने पिशवीसाठी कापडी खोळ शिवली आणि ती लुगड्याखाली कमरेला बांधली.

हळदीला पहिल्याच गाण्यात आत्याचा दम तुटला. पोटावर हात दाबून ती खाली बघत राहिली.
मागच्या बायकांनी गाणं उचललं आणि दुसरीच ओळ चुकवली.

आत्याची मान झटकन वर!
"काय गाताव गो तुमी?"

आणि मग ती गायली. हळद लागेपर्यंत. मी रडत होते, हसत होते, तोंडभर हळद.

यथावकाश जोड सुकला, नळी निघाली. शुगर मात्र मागे लागली. रोज इन्सुलिन, प्रत्येक घासाबरोबर पचनाची कॅप्सूल. "मावरा खावाला पन गोली?" म्हणत मासे खायची, थोडे थोडे, चवीने.

त्यानंतर करंजाड्यापासून उरणपर्यंत कितीतरी मांडव तिने गाजवले. माझ्या मुलीचं बारसंही.

यंदा तो आजार लिव्हरमध्ये परत आला. केमोला ती नाही म्हणाली. "मना भरपूर मिलालं. आता घरी ऱ्हाऊदे." आम्ही ऐकलं. दुखू नये म्हणून औषधं होती, आणि घर माणसांनी भरलेलं होतं.

काल संध्याकाळी मी तिचे पाय चेपत होते.
"बास कर गो. हात दुखतील तुजं."
माझ्याशी एवढंच शेवटचं बोलली.

नाही दुखले, आत्या.

सुखाने जा. भरल्या मनाने निरोप देतेय.