थंड हवेची चोरवाट

लोक त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. उभा जन्म दुसऱ्यांची मापं घेण्यात गेला, आणि दुकान भाच्याच्या हवाली केल्यावर त्यांनी एक जुनी घरगाडी घेतली. आत पलंग, शेगडी, बेसिन आणि छतावर एसी. चालवायची बायको. तिची हयात शाळेची बस हाकण्यात गेलेली. मास्तरांची मजल सायकलपर्यंतच.

थंडीभर फिरता संसार मजेत चालला. उन्हाळा तापला आणि बिनसलं. एसी सकाळी गुमान चालायचा, पण ऊन डोक्यावर आलं की नुसता घरघरायचा. काल दुपारी बायकोला गरगरलं आणि ती ओट्याला धरून मटकन खाली बसली. संध्याकाळी तिने सांगून टाकलं, "अहो, उद्या दुपारी आत निभावलं तर ठीक. नाहीतर मी गाडी घराकडे वळवते आणि विकायला काढते. या भट्टीत मला शिजायचं नाही."

मास्तरांना पुढचं दिसायला लागलं. गाडी गेली की पुन्हा त्याच दोन खोल्या, आणि भाच्याच्या दुकानात लुडबुड.

सकाळपासून ते झटत होते. बायकोला गाडी झाडाच्या सावलीत घ्यायला लावली, एसीची जाळी धुतली. छतावर चढून एसीतला पालापाचोळा काढला, वाकलेल्या पात्या सरळ केल्या. शेजारच्या घरगाडीतला म्हातारा कंपाउंडर खालून सल्ले देत होता.

"गॅस गेलाय, मास्तर. माझ्या मेव्हण्याचंही असंच झालं होतं."

"त्यांचा एसी बिघडला होता?"

"एसी नव्हे, फ्रिज. पण गॅस तो गॅस."

दुपार झाली. एसी घरघरतच होता. बायको ओला टॉवेल मानेवर टाकून बसली होती. मास्तरांनी स्टुलावर चढून एसीच्या झरोक्याशी हात धरला. हवा थोडीच येत होती, पण होती चांगली गार. गॅस गेला असता तर गार कशी लागली असती? मग उरलेला गारवा जातो कुठे?

मास्तरांनी रिळाचा दोरा तोडला. ज्या जाळीतून एसी खोलीतली हवा ओढून घेतो ती काढली आणि दोरा चिमटीत धरून हात आत घातला. दोरा सरळ वर ओढला जायला हवा होता. तो बाजूने फडफडायला लागला, आणि मनगटाला गार झोत लागला. थंड हवा खोलीत उतरायच्या आधीच आतल्या आत माघारी पळत होती.

एसीचं झाकण उघडलं तर हवा ओढणारा आणि गार हवा सोडणारा अशा दोन कप्प्यांच्या मध्ये ही एवढी फट. मास्तरांना आठवलं. हिवाळ्यात छताला कापडी अस्तर लावताना त्यांनीच हे झाकण खोललं होतं. आतला फोम त्यांना नव्या शिलाई मशीनच्या खोक्यात असतो तसा, खुळखुळू नये म्हणून कोंबलेला वाटला होता, आणि त्यांनी तो काढून घेतला होता.

"सापडला का चोर?" बायकोने विचारलं.

"सापडला. मीच आहे." त्यांनी सगळं सांगितलं.

"आणि तो फोम?"

मास्तरांनी ड्रायव्हरच्या सीटकडे पाहिलं. "तुझ्या पाठीच्या उशीत."

"म्हणजे इतके दिवस मी एसीला टेकून बसतेय? तरीच पाठ दुखायची थांबली." उशी काही तिने उसवू दिली नाही.

मास्तरांनी झोपायची फोमची चटई कापायला घेतली. शिवणीला सोडतात तसं बोटभर जास्त ठेवून फटीत गच्च बसवली, कडांना चंदेरी चिकटपट्टी लावली, झाकण लावलं, बटण दाबलं.

बाहेर डांबर वितळत होतं, त्यामुळे खोली काही बर्फासारखी झाली नाही. पण झरोक्यातून भरभरून हवा आली, आणि बऱ्याच वेळाने बायकोने मानेवरचा टॉवेल काढून खुर्चीवर टाकला.

"या उन्हाच्या बाजूच्या पडद्यांना जाड अस्तर लावा," ती म्हणाली. "पुढे याहून तापलेले रस्ते आहेत."

मास्तर डिक्कीतलं कापडाचं गाठोडं आणायला लगबगीने दाराकडे निघाले.

"दार उघडू नका हो. बसा आधी जरा गारव्याला."