रोमची राजमाता आणि आमच्या जिजी

ओसरीवर गावाची बैठक बसली की जिजी स्वयंपाकघराच्या पडद्याआड सुपात तूर पाखडत बसायच्या. सुपाचा आवाज चालू असला की त्यांचा सरपंच मुलगा, मनोहर, बिनधास्त बोलत राही. सूप थांबलं की तोही थांबे आणि म्हणे, "उद्या सांगतो." गावाला वाटे, सरपंच मोठा विचारी आहे.

मी जिजींची धाकटी जाऊ. मी म्हसावदच्या शाळेत इतिहास शिकवायची. जिजी जेमतेम चौथी शिकलेल्या. त्या जाऊन वर्ष झालं, पण खोटं कशाला सांगू, माझा हेवा काही गेलेला नाही. निवडणुकीला घरातून एकच नाव जायचं होतं, त्यांचा मनोहर किंवा माझा नितीन. नितीन शेतीत एम.एस्सी. मी त्याची पदवी सांगत फिरले. जिजी मात्र गल्लीतल्या बाळंतिणींना डिंकाचे लाडू देत आणि रुसलेल्या सोयऱ्यांना जेवू घालत फिरल्या. मनोहर निवडून आला. चौकातल्या फ्लेक्सवर त्याच्या शेजारी त्याच्याएवढाच जिजींचा फोटो लागला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शाळेत मी लांबच्या रस्त्याने जाऊ लागले.

एकदा कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजताना मी त्यांना मुद्दाम अ‍ॅग्रिपिनाची गोष्ट सांगितली. रोमच्या नीरोची आई. सावत्र मुलाला बाजूला सारून तिने आपल्या पोराला गादीवर बसवलं. दरबार भरला की पडद्यामागून ऐकायची. नाण्यांवर मायलेक समोरासमोर असायचे. पुढे पोराने तिला नाण्यावरून काढलं, महालातून काढलं आणि शेवटी मारेकरी घातले. मी जिजींच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी शांतपणे वांगं उलटवलं आणि पोरगा राजा झाला ना, एवढंच विचारलं.

"पन पोऱ्या राजा व्हयना ना?"

"व्हयना."

"मंग बरं."

दोन वर्षांनी पाणीयोजनेचा नवा फ्लेक्स लागला. त्यावर मनोहर होता, त्याची बायको होती, पुढारी होते. जिजी कुठेच नव्हत्या. बैठकाही आता पंचायतीच्या कार्यालयात होऊ लागल्या होत्या. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शाळा सुटल्यावर मी तडक त्यांच्याकडे गेले, म्हणायला सांत्वनाला.

"जिजी, मनोहरनी तुमना फोटो काढी टाका. वाईट वाटस व्हई ना?"

"वाटस ना. माय शे मी." त्यांचे डोळे भरून आले. मला आत कुठेतरी गार वाटलं. मग त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "पन आते तो मन्हाबिगर उभा ऱ्हास. तुन्हा नितीन तीसना व्हयना, तरी शर्ट तुले इचारीसन लेस."

चहा तसाच ठेवून मी उठले. तोंडावर पाडायला गेले होते, पण जळतच घरी आले. नितीन ओट्यावर माझी वाट बघत बसला होता.

"माय, औंदा केळी लावू का कापूस?"

मला त्याला म्हणायचं होतं, तू शिकलेला आहेस, तूच ठरव.

मी म्हणाले, "केळी."