आईचं बी आणि माझा चहा

माझ्या मेहुण्याच्या संग्रहालयातली सर्वात मोलाची वस्तू जाळून मी तिच्यावर चहा केला. हे सांगायचं मी कैक वर्षं टाळलं. आता वय झालं, सांगून टाकतो.

मेहुणा जयराम. तलासरीजवळच्या पाड्यावर त्याच्या आईवडिलांचं कुडाचं घर. दिवाळी झाली की घर बंद करून सगळे गुजरातेत वीटभट्टीवर जायचे. २०१६च्या उन्हाळ्यात जयरामने ते घर नीट करून त्यात गाव सोडून कामाला जाणाऱ्यांचं संग्रहालय मांडलं. शिदोरीचं फडकं, विटांचा साचा, भट्टीवरचे फोटो. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आम्ही नवराबायको डहाणूहून पोचलो. जयराम खुर्च्या आणायला निघाला. "दाजी, कशाला हात लावू नका," एवढं बजावून गेला.

मी कशाला हात लावतोय? फक्त चहाची तल्लफ आली. चूल होतीच (प्रदर्शनातली, पण चूल ती चूल). लाकडं ओली निघाली. चुलीमागच्या भिंतीवर सुकलेल्या शेणाचे चार गोळे चिकटले होते. सारवणाऱ्याचा आळस, दुसरं काय! खरवडले आणि चुलीत घातले. झकास पेटले. जरा तडतडत होते, इतकंच.

बायको आत आली, भिंतीकडे पाहिलं आणि खाली बसली.

"आईचं बी कुठंय?"

मग कळलं. सासूबाई भट्टीवर जाण्याआधी दुधीचं बी शेणात घालून भिंतीला लावून ठेवत. कीड लागत नाही, आणि पेरायला परत यावंच लागतं. त्या वारल्यावर जयराम दरवर्षी तोच वेल लावायचा, त्याचंच नवं बी भिंतीवर ठेवायचा. दुसरीकडे एक दाणा नव्हता.

"मग आता?"

"आता चहा प्या," ती म्हणाली.

मी जीप पकडून तलासरीच्या बाजारातून दुधीच्या बियांचं पाकीट आणलं, शेजारच्या गोठ्यातलं शेण आणलं आणि चार गोळे थापले. वाळेनात, म्हणून प्रदर्शनातल्या सुपाने वारा घातला. दुसऱ्या दिवशी जयरामने भिंतीवर हात ठेवून आईची गोष्ट सांगितली. पाहुण्यांनी डोळे पुसले. घरातले वडीलधारे म्हणून मला दोन शब्द बोलायला लावले. बी छान जपलंय, असं मी म्हणालो.

पावसाळ्यात वेल फोफावला. सासूबाईंचा दुधी हातभर लांब असायचा. हा तांब्यासारखा गोल. जयरामने आम्हाला बोलावून घेतलं. भिंतीसमोर नारळ फोडला आणि हात जोडले.

"आये, तुझ्या घराचा तमाशा मांडला म्हणून रुसलीस ना? चुकलं माझं. माफ कर."

बायकोने मला कोपराने ढोसलं. आता बोलायलाच हवं होतं.

"जयराम," म्हणत मी तोंड उघडलं. त्याने त्यात प्रसाद घातला.

तुकडा मोठा होता, दात थोडे. चावून होईतो तो माझ्या पाया पडला होता. म्हणाला, "दाजी, तुम्ही तरी रागावू नका."

"नाही रागावलो," मी म्हणालो. "खोबरं गोड आहे."