चाचांची सुट्टी

भिण्याच्या बाबतीत आमच्या तेलवाल्या चाचांचा हात धरणारा माणूस अख्ख्या वाशिमात नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मी तिथल्या कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होतो आणि चाचा यंत्रांना तेल घालीत. कापसातून सरकी काढतात तो कारखाना म्हणजे जिन; पण चाचांचं म्हणणं, उगाच का त्याला जिन म्हणतात? बॉयलरमध्ये खरोखरीचा जिन्न आहे आणि एक दिवस तो बॉयलर फोडून बाहेर येणार. म्हणून कामाला लागण्याआधी ते बॉयलरला सलाम करीत. भोंगा झाला की दचकत, मॅनेजरचे बूट वाजले की तेलाची बुधली छातीशी धरीत. कुणी विडी शिलगावली तर हिसकावून थेट हौदात टाकीत. "कापूस हाय बापा! भडकला तं मातीले बी भेटनार नाई आपन." आम्ही हसायचो, पण दुपारची भाकरी मात्र बॉयलरपासून लांब, चाचांभोवती कोंडाळं करून खायचो. खरं सांगतो, भीत आम्ही सगळेच होतो; बोलून दाखवायचं काम तेवढं त्यांनी अंगावर घेतलं होतं.

चाची गेल्यावर ते घरी एकटेच राहात. त्यात कापसाच्या धुळीनं खोकला लागला. एके दिवशी पुण्याकडच्या नव्या मॅनेजरनं त्यांना बोलावून सांगितलं, "चाचा, उद्यापासून तुमची सुट्टी." आमच्याकडे माणसाची सुट्टी झाली म्हणजे त्याला कामावरून काढलं. चाचा पांढरेफटक पडून बाहेर आले. आज चाचा, उद्या कोण?

सकाळी भोंग्याला चाचा फाटकाबाहेर उभे. आत जायची छाती होईना, घरी जायला पाय उचलेना. मी त्यांच्याशेजारी थांबलो. मग फिटर थांबला, कापूस निवडणाऱ्या बाया थांबल्या. कुणी ठरवलं नव्हतं.

मॅनेजर धावत आला. "अहो, हा काय संप आहे? खोकला बरा होईपर्यंत विश्रांती घ्या म्हटलं मी त्यांना! पगार चालू आहे!"

आम्ही हसलो. चाचा मात्र मातीतच बसले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, मले घरी नोका धाडू. घरी मी एकटाच भेतो. अठी आमी सबन मिळून भेतो."

मॅनेजरनं फाटक उघडायला लावलं.

चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा जिन्न काही बाहेर आला नाही. मी आता मोठ्या कचेरीत आहे, डोक्यावर पंखा आहे. साहेबांचे बूट वाजले की अजून छातीत धस्स होतं. पण इथे ज्याचा त्याचा डबा ज्याच्या त्याच्या टेबलावर उघडतो, आणि "मले भेव लागते" असं म्हणायला शेजारी कुणी नाही.